राखेची टाकी

"किळस येती राव!" आमचे ओव्हरसियर साहेब काँक्रीटचा तुकडा उचलायचे, बोटांत चुरडायचे आणि भुगा झाला की नाकाला रुमाल लावून एवढंच म्हणायचे. नळदुर्गजवळच्या सहकारी कारखान्यात मी कारकून होतो. वाईट काम पाहून राग येणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. या माणसाला मळमळायचं.

फाटकातली फरशी दर हंगामात उखडायची. उसाच्या गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा तिचे टवके काढत. साहेबांनी काँक्रीटमध्ये तारेचे बारीक तुकडे आणि विटांची वस्त्रगाळ पूड मिसळून पाहिली. तार स्वतः कातरत बसायचे. "तार धरून ठेवती, पूड भोकं बुजवती. पण सिमेंट पायजेच," असं ज्याला त्याला सांगत. फरशी वाळल्यावर चपला काढून तिच्यावरून फिरले. मी कारण विचारलं.

"आपल्या बाया अनवाणी येत्यात. तारेचं टोक ऱ्हायलं का, बघतो."

त्या हंगामात एकही टवका निघाला नाही.

पुढं दुष्काळात कारखान्यातर्फे शेजारच्या गावाला पाण्याची टाकी बांधायची ठरली. ठेका चेअरमनच्या मेव्हण्याला. त्यानं तार वगळली, सिमेंट निम्म्यावर आणलं आणि भट्टीची राख ओतली. कुणी हटकलं की म्हणायचा, "साहेबांचाच शोध हाय!" साहेबांनी काम थांबवलं, चेअरमननी ते चालू केलं.

उद्घाटनाला चेअरमन गळ्यात हार घालून साहेबांच्या शोधाचं कौतुक करत होते आणि मागं भिंत पाझरत होती. मी नाकाला रुमाल लावला. भिंतीला खालपासून चीर गेलेली. तिच्याखालीच बाया घागरी लावून बसलेल्या.

साहेब पुढं झाले. "आधी पाणी भरून घ्या, बायांनो. मग लांब व्हा."

शेवटची घागर भरेपर्यंत ते थांबले. मग घण उचलला. तिसऱ्या घावात भिंत बसली.

"गावाची टाकी फोडता?" चेअरमन ओरडले.

साहेबांनी ओंजळभर भुगा त्यांच्यापुढं धरला. "ही टाकी? हात लावून बघा." चेअरमननी हात मागं घेतला.

पण एक म्हातारी साहेबांपुढं येऊन उभी राहिली. "फुटकी का असंना, टाकी व्हती की, साहेब. आता आमी जावं कुठं?"

साहेबांनी घण खाली ठेवला आणि तिची घागर खांद्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी निलंबनाचा हुकूम निघाला. मी तो घेऊन गेलो तर त्यांच्या खोलीला कुलूप होतं. आम्ही त्यांना शेवटचं पाहिलं ते आदल्या दिवशी: म्हातारी मागून बोल लावतेय आणि साहेब मान खाली घालून, घागर सांभाळत तिच्या घराकडं चाललेत.