उसना खोकला

गिरणी, संप, आजारी मामा, एवढं ऐकून तुम्ही रुमाल काढला असेल तर ठेवा परत खिशात. रडण्यासारखं यात काही नाही. खोकण्यासारखं भरपूर आहे.

संपानंतर मामाची गिरणी सुटली, पण छातीत बसलेली कापसाची धूळ काही सुटली नाही. दर मंगळवारी सकाळी त्याला परळच्या इस्पितळात न्यायचं काम माझं, कारण मामी गावाला आणि लालबागच्या खोलीत आम्ही दोघंच. मी कणकवलीत शिकलेला, गिरगावात एका ऑफिसात टायपिस्ट. शाळेत मास्तरांच्या नकला करून मार खाल्लेला, तेवढं माझं जादा क्वालिफिकेशन.

साहेबांकडे रजा मागितली तर म्हणाले, "आईवडील आजारी असते तर बघितलं असतं. मामा कुठे घरच्यांत धरतात?"

मग काय, दर मंगळवारी मीच आजारी पडायला लागलो. कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन लावायचा आणि मामाचा खोकला काढायचा. आधी बारीक शिट्टी, मग तीन ठोके, शेवटी रिकामा डबा घरंगळल्यासारखी खरखर. "बरं बरं, झोप तू," म्हणून साहेब फोन ठेवायचे.

पाचव्या मंगळवारी इस्पितळातून येऊन आम्ही जरा टेकतोय, तोच शेजारच्या काकू दारात. "अरे, तुझे साहेब आलेत. खालच्या मजल्यावर दम खातायत. हातात मोसंबी आहेत."

मामा खाटेवरून उठला. "पड थय," म्हणाला. मी पडलो. त्याने आपली गोधडी माझ्या गळ्यापर्यंत ओढली आणि स्टोव्हवर चहा ठेवला.

साहेब आत आले, फळीवरच्या बाटल्या बघत राहिले. "हे सगळं याचं?"

"सगळा त्येचाच," मामा म्हणाला. तेवढंच. जास्त बोलला असता तर त्यालाच खोकला आला असता.

मी सुरू केलं. शिट्टी, ठोके, डबा. साहेबांच्या हातातला चहा बशीत हिंदकळला तसा मला आणखी चेव आला.

"तुम्ही मोठ्या मनाचे," साहेब मामाला म्हणाले. "स्वतः आजारी असताना भाच्यासाठी एवढं कोण करतं आजकाल?"

मामाने मान हलवली. एक हात भिंतीला, ओठ मिटलेले, कपाळावर घाम. श्वास अर्धाच घेत होता तो. मला दिसत होतं. तरी मी आणखी एकदा खोकलो.

साहेब उठले. "छातीचा एक्स-रे काढ. रिपोर्ट येईपर्यंत ऑफिसात पाऊल टाकायचं नाही, बाकीच्यांना लागण व्हायची. तोवर तुझ्या मशीनवर माझा भाचा बसेल. हुशार आहे."

त्यांची पावलं जिन्यात उतरली आणि मामा खाली बसला. कोंडून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मी पाठ चोळत राहिलो, पाणी दिलं. बऱ्याच वेळाने त्याला आवाज फुटला.

"मेल्या, इतक्या खोकूक तुका कोणी सांगितल्यान? साधो सर्दीचो खोकलो येना नाय? माझो बारा वर्षांचो खोकलो तू धा मिनिटांत काढून मोकळो झालंस. ती नोकरी गेली तर दोघा खातलंव काय? उद्या सकाळी जा, सायबाक सांग, खोकलो मामाचो होतो म्हणान. आणि थय जाऊन खोकलंस तर याद राख."