थिजलेला चेहरा

ही गोष्ट सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं.

पार्किन्सन्स रक्तातून लवकर ओळखता येईल का, याचा शोध चालू आहे. तुलनेसाठी निरोगी म्हाताऱ्यांचं रक्त हवं होतं, म्हणून काल देऊन आलो. नळीत चढणारं रक्त बघताना माझी बायको सुमन आठवली. हात थरथरू लागण्याआधी तिचा चेहरा थिजत गेला होता. मला वाटलं, रुसून फुगली आहे.

"पाहुण्यांसमोर तरी हस जरा," मी चारचौघांत बोललो.

"अहो, हसतेच आहे मी."

तिच्या रक्तात तेव्हाही एखादी खूण असेल.

"आजोबा, मूठ सोडा आता," सिस्टर म्हणाल्या.

आजाराचं नाव कळल्यावरही सुमन बरीच वर्षं होती. "तू हसत होतीस, चुकलो मी," एवढं तिच्याजवळ बसून म्हणायचं राहून गेलं.