कण्हेरीवरचं दंव

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी रोज सकाळी सौंसरच्या सार्वजनिक बागेत फिरायला जायचो. खांद्याला मित्राचा कॅमेरा असायचा आणि झोळीत श्रमिकांच्या हक्कांची आमची पत्रकं. बाग झाडणारी एक बाई तिथे असायची. मी कण्हेरीचा फोटो काढू लागलो की झाडू टेकवून ती वाऱ्याने हलणारी फांदी धरून ठेवायची. तिची बोटं फोटोच्या कडेला यायची. ती मी कात्रीने कापून टाकायचो.

एकदा फोटो दाखवत मी म्हणालो, "बघा मावशी, पाकळ्यांवर दंव कसं चमकतंय."

ती हसली. "एप्रिलात कुठलं दंव, भाऊ? बागेतला नळ कधीचाच आटला. मी घरून कळशी आणून शिंपून राहिली. नाही तं एक फूल दिसलं नसतं तुमाले." मग फोटोची कापलेली कड तिने अंगठ्याने चाचपली. "अन् माहा हात कुठं गेला?"

श्रमिकांवर पानंच्या पानं लिहिणारा मी, तो फोटो झोळीतल्या पत्रकांखाली सरकवून निघालो.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "मावशी, आज हात फोटोत येऊ द्या."

तिने हात पदराला पुसला. क्षणभर थांबली, मग तोच हात पुन्हा कळशीत बुडवला आणि ओल्या हाताने फांदी धरली.