अकरा दट्टे

मायक्रॉनचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. साडेसहाला पहिली पाळी. त्याआधीचे दोन तास त्याचे स्वतःचे. कारखान्यात तीस वर्षं तो माझ्या शेजारच्या बाकावर फिटर होता. केसाएवढा फरकही खपवून घ्यायचा नाही, म्हणून सगळे त्याला मायक्रॉन म्हणायचे. चिडल्यावर त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनीसुद्धा.

वहिनी शाळेत संगीत शिकवायच्या आणि लाकडी पट्ट्यांचं वाद्य वाजवायच्या. दोन्ही हातांत काठ्या, खाली पट्ट्या. मग हात थरथरायला लागले. औषधानं थोडं कमी होईल, जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. शाळेची नोकरी सुटली. वाद्यावर चादर पडली.

"लोकांसमोर आता नाही," त्या म्हणाल्या, आणि विषय संपवला.

मायक्रॉननं यंत्र करायला घेतलं. अकरा पट्ट्या, प्रत्येकीवर एक काठी, काठीमागे विजेची कॉइल. करंट गेला की काठी पट्टीवर पडते. कॉइली स्वतः गुंडाळल्या. एकीत सात वेढे कमी भरले, तर पूर्ण सोडून पुन्हा गुंडाळली. कंट्रोलर भंगारातल्या पॅकिंग मशीनचा. आठ महिन्यांनी यंत्र वहिनींची आवडती धून न चुकता वाजवू लागलं. ऐकायला त्यानं मलाही बोलावलं.

वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं. "छान वाजतंय. मग मी आत जाऊन भाजी निवडू का?"

"चुकलं कुठे?" त्यानं विचारलं.

"कुठेच नाही हो. पण यात माझं काम काय?"

तिसऱ्या दिवशी त्यानं धून पुसून टाकली. मी म्हटलं, एवढी मेहनत. तो म्हणाला, "मेहनत होती. जागा चुकली."

नवीन यंत्राला अकरा लाकडी लिव्हर आल्या, प्रत्येकी चार बोटं रुंद, म्हणजे थरथरता हातही शेजारच्या लिव्हरवर जाऊ नये. जोरात दाबली तर काठी जोरात पडणार, हळू दाबली तर हळू. राहिली थरथर. त्यासाठी प्रत्येक लिव्हरखाली त्यानं तेलाचा दट्टा बसवला. कपाटाचं दार न आपटता मिटावं म्हणून असतो तोच, बोटाएवढा. बारीक थरथर तेलात जिरायची, मुद्दाम दिलेला दाब पुढे जायचा. पण जरा उशिरा.

"उशीर किती?" वहिनींनी विचारलं.

"चुटकी वाजवायला लागतो त्याच्या निम्मा."

"मग मी तेवढं आधी दाबीन."

सहा महिने त्या तेवढं आधी दाबायला शिकल्या. रोज पहाटे, तो शेजारी स्क्रूड्रायव्हर घेऊन. मग शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मेळाव्यात वाजवायला बोलावलं आणि वहिनी हो म्हणाल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत, एवढी भीती.

मेळाव्याच्या दिवशी यंत्र मी आणि मायक्रॉननं उचलून नेलं. सभागृहात थंडी अशी की तोंडातून निघणारी वाफ दिसावी. वहिनींनी पहिली ओळ वाजवून पाहिली. प्रत्येक सूर मागे पडत होता. घरातल्या खोलीत उबेसाठी स्टोव्ह पेटलेला असायचा. इथं तेल घट्ट झालेलं. सगळं मोजणाऱ्या माणसानं खोलीची ऊब मोजली नव्हती.

वहिनींनी हात मांडीवर ठेवले. "राहू दे. घरी जाऊ."

कार्यक्रमाला चाळीस मिनिटं होती. मायक्रॉननं दट्टे काढायला सुरुवात केली.

मी म्हटलं, "गरम पाण्यात टाकू."

"पाणी आत शिरेल. शिवाय एक जास्त तापेल, एक कमी. सगळे सारखे हवेत." त्यानं चार दट्टे मला दिले. "बगलेत धर. दोन-दोन."

"तू शुद्धीवर आहेस ना?"

"माणसाचं अंग सारखं तापतं. धर."

बर्फाचे तुकडे धरल्यासारखं झालं. चार त्यानं धरले. उरले तीन. वहिनी आमच्याकडे बघत राहिल्या. दोन म्हातारे, कोपर अंगाला चिकटवून, पडद्यामागे कोंबड्यांसारखे बसलेले. त्या हसल्या. मग हात पुढे केला. "द्या ते तीन इकडे. अंडी उबवायचीच तर सगळ्यांनी."

वीसेक मिनिटं बसलो. शेवटच्या दहा मिनिटांत त्यानं अकराही बसवले, वर फ्लॅनेलच्या पट्ट्या गुंडाळल्या. एकही स्क्रू घाईत आवळला नाही.

वहिनींनी चौदा मिनिटं वाजवलं. एका ठिकाणी सूर चुकला. त्या थांबल्या, ती ओळ पुन्हा घेतली, पुढे गेल्या. मायक्रॉन पडद्यामागे उभा होता, नजर दट्ट्यांवर नाही, वहिनींच्या पाठीवर.

घरी येताना त्या म्हणाल्या, "खालचे सूर कमी पडतात हो. अकरा पट्ट्यांत काय काय बसवू?"

दुसऱ्या दिवशी ओव्हरटाइमच्या यादीत मायक्रॉननं नाव घातलं. वर्षभर पाळी संपल्यावर तीन तास जास्त, गुडघे दुखत असताना. त्या सगळ्या पैशांत खालच्या सुरांच्या बारा पट्ट्या आल्या. शिसवीच्या, एकीतही गाठ नाही.