कुंकवाचा हात

दुपारी जेवणं आटोपली की मी तुर्की मालिका लावते, हिंदीत बोलणारी. जुन्या इस्तंबूलच्या राजवाड्यातली एक तरुण विधवा बंडखोर शिपायाच्या प्रेमात पडते आणि थेट सुलतानाविरुद्ध उभी राहते. खोटं कशाला सांगू, मी रडते हो! "कर गं लग्न, कोणाच्या बापाला भिऊ नकोस," असं टीव्हीला सांगते.

नात हसायची. मग एक दिवस म्हणाली, "आजी, मला पण इस्तंबूलचाच आवडलाय." तो इथल्याच पेनरोज भागातल्या कारखान्यात इंजिनिअर. माझा मुलगा आणि सून कां-कू करत होती, पण मी म्हटलं, "आणा की घरी!" माझ्या शब्दावर ती तयार झाली.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं, बॉटनी डाउन्सला. इथे जानेवारीत भर उन्हाळा, दाराशी जँडल्सचा, म्हणजे इथल्या रबरी चपलांचा, ढीग. त्या मुलाची आई तिकडून आली होती, तिलाही बोलावलं. तिचा नवरा केव्हाच गेलाय, हे नातीनं मला सांगितलेलं. आणि मी तरी कोण? मीही तशीच. पण इथे परदेशात आल्यावर सुनेनं हट्टानं माझ्या कपाळी कुंकू लावलं, आणि त्या दिवशी करंडाही माझ्याच हाती दिला.

ओळीनं लावत गेले. मुलाची आई निरखून बघत होती. तिची पाळी आली तसा तिनं डोक्यावरचा रुमाल बोटानं मागे सारला, कपाळ पुढे केलं. आणि माझा हात पुढच्या बाईकडे गेला. मुलाच्या आईला नुसता तिळगूळ दिला.

नात माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. "आजी, यू स्किप्ड हर."

"अगं, त्यांच्यात चालत नसेल..."

"मी विचारलं होतं. त्या एवढ्या एक्सायटेड होत्या! आणि तुझ्या टीव्हीवरच्या बाईला बरं सगळं चालतं?"

मी ओट्याकडे तोंड करून कप मांडत बसले.

निघताना ती बाई माझ्यापाशी आली. वडीलधाऱ्यांचा हात ओठांना, मग कपाळाला लावायची त्यांची रीत. तिनं माझा हात उचलला. बोटं कुंकवानं माखलेली. तिच्या कपाळावर वाकडंतिकडं उमटलं.

"बघा, आईंनी विहीणबाईंना कुंकू लावलं!" सून कौतुकानं म्हणाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी नुसती हसले. नात बघत होती.

लग्न ठरलंय. परवा नातीला म्हटलं, "तुझ्या सासूला सगळ्यात आधी मी लावणार हं."

फोनवरून मान वर न करता ती म्हणाली, "वी'ल सी, आजी."