हिरवा ट्रे, करडा ट्रे

चष्मेवालीच्या फ्रिजमध्ये दोन ट्रे होते, एक हिरवा आणि एक करडा. दोन्ही कामावरून आणलेले. चष्म्याच्या दुकानामागच्या चिंचोळ्या खोलीत ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. तिथला नियम एकच: एका गिऱ्हाइकाला एक ट्रे. चिठ्ठी, फ्रेम, डावी काच, उजवी काच, सगळं त्यातच. एकाची काच दुसऱ्याच्या ट्रेमध्ये गेली, की तो बिचारा जिन्यावरून गडगडलाच म्हणून समजा. अठरा वर्षांत तिच्या हातून अशी गफलत झाली नव्हती. कडा तुटलेले ट्रे दुकानवाले फेकायला निघाले, तेव्हा तिने दोन घरी आणले. ट्रेबरोबर नियमही घरात आला.

हिरवा ट्रे लेकीचा. सात वर्षांची, अंगाने काडी. घरात तिला चिमणीच म्हणायचे. मागच्या वर्षी तिच्या कोपरांवर पुरळ उठलं. शाळेच्या फाटकाशी कुणाच्या तरी आईने फवारणीच्या औषधांबद्दल नाही नाही ते ऐकवलं. दुसऱ्या दिवसापासून चिमणीला सेंद्रिय फळं आणि सेंद्रिय भाज्या. भाव जवळजवळ दुप्पट. सगळ्या घराला ते झेपणारं नव्हतं, म्हणून करड्या ट्रेमध्ये साधा माल. त्यावर नवरा, ती स्वतः आणि तिचे वडील. पुरळ गेलं. ते सफरचंदांनी गेलं की त्याच सुमारास बदललेल्या साबणाने, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. उत्तर नकोच होतं तिला.

वडील दोन वर्षांपासून तिच्याकडे राहत होते. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. लेकीच्या घरी राहतोय याचा संकोच मनात होताच, तो थट्टेवारी न्यायचे. ट्रे पाहून जावयाला म्हणाले, "जावईबापू, आपण दोघं तळमजल्याचे. वरच्या मजल्यावर लिफ्ट फक्त चिमणीसाठी थांबते." सगळे हसले. चष्मेवालीही हसली.

मग एका रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली, तर बाबा खिडकीशी उभे राहून सफरचंद खात होते. हिरव्या ट्रेमधलं.

"बाबा, ते चिमणीचं होतं."

"हो का? चष्मा नव्हता गं डोळ्यांवर. रंग कळला नाही."

"दोनच उरली होती. आणि तुमच्या वयाला आता काय फरक पडणार आहे त्याने?"

नवऱ्याने पेपर खाली केला, चिमणीने दुधाच्या पेल्यातून मान वर केली. बाबांनी सुरी घेतली, दात लागलेला भाग कापून काढला, उरलेलं सफरचंद नळाखाली धुतलं, फडक्याने पुसलं आणि हिरव्या ट्रेमध्ये परत ठेवलं. मग आंघोळीला गेले.

"हे काय बोललीस तू?" नवरा हळूच म्हणाला.

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मग कसं म्हणायचं होतं?"

तेव्हाच तिने न्हाणीघराच्या दारापाशी जाऊन "चुकले" म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम. पण रविवारी पाहुणे आले, सोमवारी दुकानात गर्दी होती, मंगळवारी वाटलं, आता कशाला उकरून काढा. माणूस स्वतःला फसवायला बसला की वारांची कमी पडत नाही.

बाबांनी फ्रिज उघडणं सोडलं. फळ पुढे केलं की "दातात अडकतं गं." भाजी वाढायला गेलं की "पोट भरलंय, जावईबापूंना वाढ." कपात बिस्किटं बुडवून खायचे आणि उठायचे. दात ठणठणीत होते, हे तिला ठाऊक होतं. बिस्किटं न बुडवताही खाताना तिने पाहिलं होतं. ठाऊक असूनही ती गप्प राहिली. त्याहून वाईट म्हणजे, एरवी बुधवारीच संपणारा करडा ट्रे हल्ली शुक्रवारपर्यंत पुरतो, हे तिच्या लक्षात आलं होतं आणि क्षणभर बरंही वाटलं होतं. त्या क्षणाची तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

तीनेक महिन्यांनी बुटाची नाडी बांधताना बाबांना घेरी आली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, वजन घेतलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"पाच किलो उतरलंय. रक्त कमी आहे. आजोबा, भाज्या-फळं खाता की नाही?"

"खातो की," बाबा म्हणाले. "लेक सगळं आणते. मलाच जात नाही. तिचा काही दोष नाही."

कुणी दोषाचं विचारलंच नव्हतं. चष्मेवालीने मान खाली घातली. बाबांना बाहेर बाकावर बसवून ती एकटी आत आली आणि तिने सगळं सांगितलं. ट्रे, सफरचंद, ते वाक्यसुद्धा.

"सेंद्रियचा खरंच एवढा फायदा असतो का हो?" तिने विचारलं.

"परवडत असेल तर घ्या, वाईट काही नाही. त्यावरची औषधं कमी असतात. पण साधी भाजी चांगली धुऊन रोज पोटभर खाणं, हे त्याच्याहून मोठं. तुमच्या घरात एकाला उत्तम मिळालं आणि एकाला काहीच नाही. हा कुठला हिशेब?"

घरी आल्यावर तिने दोन्ही ट्रे कचऱ्यात टाकले. बाजारात जाऊन सगळ्यांसाठी साधीच फळं आणली, मिठाच्या पाण्यात घोळून धुतली आणि एका मोठ्या भांड्यात टेबलावर मांडली. मग बाबांसमोर खुर्ची ओढून बसली.

"बाबा, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. चुकले मी."

"कुठल्या दिवशी?"

"तुम्हाला माहितीये कुठल्या."

"अगं, लेकराचंच पाहायचं असतं आईने. मी काही मनात धरलं नाही." इतकं पटकन बोलले, की ते कधीपासून तयार करून ठेवलेलं होतं हे तिला कळलं. रागावले असते तर तिला हलकं वाटलं असतं.

"मग घ्या ना एक."

बाबांनी भांड्याकडे पाहिलं, हात पुढे केला नाही. "यातलं माझं कुठलं?"

"सगळं सगळ्यांचं आहे."

चिमणी गृहपाठ टाकून आली. तिने भांड्यात हात घालून फळं खालीवर केली, लालबुंद दोन आपल्यापुढे ठेवली आणि एक बारकं, डाग पडलेलं शोधून आजोबांच्या हातात दिलं. "हे तुमचं. तुम्हाला काही फरक पडत नाही ना?"

मुलीवर ओरडायला चष्मेवालीचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडणार कुठल्या तोंडाने? तिने ते सफरचंद बाबांच्या हातातून घ्यायला हात लांब केला. बाबांनी हात मागे घेतला.

"राहू दे," ते म्हणाले. "गोड आहे." अजून त्यांनी ते चाखलंही नव्हतं.