मामाच्या कार्यालयाची साइट आणि माझं ठरलेलं लग्न

हे सांगताना माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं, पण आता चहा ओतलाच आहे तर ऐका. भर सकाळी, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हातानं मी माझं लग्न ठरवून बसलो होतो. तेही मुलगी न बघता!

झालं असं की, मी पुण्याच्या एका कंपनीचं काम माजलगावला घरी बसून करतो. माझ्या मामाचं बायपासला मंगल कार्यालय आहे. मामा म्हणाला, "तीथ बुक करायची साइट बनवून दे. पन एक तीथ दोघांना जायला न्हाई पायजे. मागल्या खेपेला दोन वराती एकाच दारात आल्या. माझा सदरा फाटला."

काम सोपं होतं. दुसऱ्या कुणीही चार दिवसांत उरकलं असतं. पण आपण पडलो अतिशहाणे! मी साइट लिहायला घेतली रस्टमध्ये. रस्ट म्हणजे संगणकाच्या पोटातलं जोखमीचं काम लिहायची भाषा. भलती कडक. एक वस्तू एका वेळी एकाच मालकाची, आणि जरा चुकलात की ती प्रोग्राम तयारच होऊ देत नाही. सर्व्हर तर त्यात लिहिलाच, वर पडद्यावरची बटणंसुद्धा, जी लोक सोप्या भाषेत तासाभरात उरकतात, त्यातच लिहिली. तीन महिने गेले.

"झालं का बे?" मामा रोज विचारायचा.

"मामा, मजबूत होतंय."

"एवढ्यात मी दुसरं कार्यालय बांधलं असतं."

त्यात मामाची आणखी एक अट. "रद्द करायचं बटन ठिवू नको. लोक लई तिथी फिरवत्यात." मी नाही ठेवलं.

शेवटी साइट चालू झाली. एकदा तपासून बघावी म्हणून मी मे महिन्यातली एक तिथी धरली आणि नवरदेव म्हणून माझं नाव टाकलं. नवरीकडचा मोबाइल नंबर? नुसते नऊच नऊ टाकले. साइटनं नाकारले. खोटा नंबर घ्यायचाच नाही, असं मीच लिहिलं होतं ना! मला कोण अभिमान वाटला.

टेबलावर आईनं आठ दिवसांपूर्वी ठेवलेला एक बायोडाटा होता. आष्टीच्या मुलीचा. मी तो वाचलाही नव्हता, त्यावर चहाचा कप ठेवत होतो. त्यातलं नाव आणि वडिलांचा नंबर उतरवला, बटण दाबलं. 'अभिनंदन! तारीख निश्चित झाली.' मी खूश.

तारीख ठरली की नवरीकडच्यांना आपोआप मेसेज पाठवायची सोय आदल्याच दिवशी चालू केली होती, हे साफ विसरलो होतो.

अर्ध्या तासानं मामाचा फोन. "मी तुझा मामा हाय का कोन? भाच्याचं लग्न मला साइटवरून कळावं?"

"कुणाचं लग्न?"

"पोरीच्या बापाचा, आष्टीच्या गुरुजींचा फोन आलता. मेसेज मिळाला म्हनले. म्या म्हनलं, या, आजच सुपारी फोडू. निघाले बी ते."

सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग मागं फिरणं नाही. वळून बघतो तर आई पदरानं डोळे पुसत रवा भाजतेय. "मामानं फोन केला तवा कळलं. मला तरी सांगायचं रं. कावून लपवलं?" त्या डोळ्यांकडं बघून मला खरं सांगवेना.

म्हटलं, पाहुणे यायच्या आत साइटवरून ती नोंद तरी उडवू. पण रद्दचं बटणच नव्हतं! मग ते लिहायला बसलो. रस्ट चुका दाखवी, मी दुरुस्त करी, ती नव्या दाखवी. तीन तास. शेवटी प्रोग्राम तयार व्हायला लागला, तोच दारात जीप थांबली.

गुरुजी उतरले, हातात पेढ्यांचा पुडा. मागोमाग मुलगी. "हिला इचारायला सवडच न्हाई मिळाली, मंग संगंच आनली," गुरुजी म्हणाले. तोवर येऊन बसलेल्या मामानं अडकित्ता काढला. आता बोलणं भागच होतं. मान खाली घालून मी सगळं सांगून टाकलं.

पेढे हातात धरून उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्या माणसासमोर मला फार लाज वाटली.

मुलगीच बोलली. "चालू साइटवर टेस्टिंग केलं? मग नोंद पुसली का नाही?"

"बटण लिहितोय. तयार होतंय."

"बटण कशाला? डेटाबेसमधून एक ओळ काढायची." तिनं लॅपटॉप ओढला आणि दहा सेकंदांत माझं लग्न पुसलं. तीही याच धंद्यातली होती. बायोडाट्यात लिहिलं होतं म्हणे, कपाखाली. आणि खरं सांगतो, त्या दहा सेकंदांत ती मला आवडली.

"कशात लिहिलंय हे?"

"रस्टमध्ये."

"सगळं? बटणंसुद्धा?"

लग्न ठरल्याच्या मेसेजनं बसला नसेल एवढा धक्का तिच्या तोंडावर दिसला.

गुरुजी भले माणूस. "बाई, पोरगं वाईट दिसत न्हाई. आलोच हावो तर इचार करून बघ."

आईनं देवाचं नाव घेतलं.

"आप्पा, चुकून लग्न ठरवलं, ते मी इसरले असते," ती म्हणाली. "पन तिथीच्या वहीला ज्यानं तीन महिने घातले, त्याच्यासंगं संसार मांडायचा तर माझा जल्म जाईल."

मी काही बोलणार, तेवढ्यात लॅपटॉपवर हिरवी ओळ उमटली: प्रोग्राम तयार आहे. चुका शून्य.